दहाचा कवडसा

ज्येष्ठ व. ६
आज छपराचे काम संपले. दस्तगीर मिस्त्रींनी शेवटचे कौल बसवले आणि शिडी उतरवली. फाल्गुनात शेजारच्या कडब्याच्या गंजीने पेट घेतला आणि आमचे स्वयंपाकघर वरून उघडे झाले, तेव्हापासून चूल पडवीत होती. तीन महिने झाले.

संध्याकाळी शंकर आला. हिचा भाऊ म्हणून नव्हे, विमा कंपनीचा एजंट म्हणून. हातात कागद. "घराचे काम पूर्ववत झाले. तक्रार नाही." खाली माझी सही हवी. करारात आहे की पैसे न देता घर पूर्ववत करून देण्याचा हक्क कं.ला आहे. कं.ने तेच केले, मिस्त्री त्यांनीच नेमले. मी म्हणालो, एक पाऊस पडू दे, मग सही.

"दाजी, माझ्यावर तरी विश्वास ठेवा की."

ठेवला होता, म्हणून तर विमा उतरवला. त्याचे पहिले गिऱ्हाईक मी. ती म्हणाली होती, उतरवून टाका, नाहीतर उन्हातान्हात दारोदार हिंडेल, आणि आई बोल लावेल मला.

काचेचे कौल नवे आहे. जुने आगीत तडकले. ते हिरवट होते, हे स्वच्छ. आभाळ भरलेले, त्यामुळे खाली ऊन पडते कसे ते कळले नाही. जमीन शाबूत. तिने जमिनीत दाबलेले काकणाचे तुकडे आठही जागच्या जागी. काम चालू असताना त्यांच्यावर पाट उपडे घालून ठेवले होते.

अधिक आषाढ शु. ४
पाऊस लागला. चुलीच्या वर, भिंतीकडच्या कोपऱ्यात गळते. दोन पातेली लावली. दुपारी कामावर गेल्यावर स्टेशनच्या तारेवरून शं.ला निरोप.

अधिक आषाढ शु. ६
मिस्त्री भर पावसात डोक्यावर पोते घेऊन आले. वर चढून पाहिले. उतरल्यावर म्हणाले, "चूक आमची हाय, तारबाबू. पोरांनी चुना कमी घातलाय कोपऱ्याला. मी बगायला पायजे होतं." उघडीप मिळताच करून देतो म्हणाले. चहा घेतला नाही, आधी काम म्हणाले.

म्हातारा माणूस. चूक लपवली नाही.

अधिक आषाढ शु. ९
कोपरा नीट झाला. गळत नाही.

अधिक आषाढ व. २
शं. कोडोलीहून आला. पितळी डबा. सासूबाईंनी धोंड्याच्या महिन्याचे वाण पाठवले आहे, तेहतीस अनारसे. जावयाला द्यायचे असते. मला वाटले होते, यंदापासून हे सगळे संपले.

शं. डब्याकडे न बघता म्हणाला, "मी आईला म्हटलं, आता कशाला. तर म्हणाली, लेक गेली म्हणून जावई कुठं गेला? मोजून घ्यायला सांगितलंय तुम्हाला."

मोजले. तेहतीस होते. शं.ने दोन खाल्ले, मी एक. बाकीचे सकाळच्या चहाबरोबर पुरतील.

त्याने सहीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

श्रावण शु. ८
शेजारच्या काकूंनी स्वयंपाकघर सारवून देते म्हटले. नको म्हणालो. मीच सारवतो. बाकी जमीन झराझरा होते, पण तुकड्यांच्या भोवती बोटाने सारवावे लागते, नाहीतर शेणाखाली जातात. ती हे रोज करीत होती. मी कधी पाहिले नव्हते.

लिहून ठेवतो, नाहीतर मीच विसरेन.

दोन वर्षांमागे माझी पाळी अकराची झाली. मग दहाच्या गाडीची शिट्टी झाली की ती भात चुलीवर घालायची. पावणेअकराला पान. एकदा गाडी पाऊण तास अडकली, शिट्टी उशिरा झाली, भात कच्चा, आणि मी उपाशी गेलो. रात्री म्हणाली, "तुमच्या गाडीच्या भरवशावर आता भात टाकायची नाही मी." पुढच्या चैत्राच्या प्रतिपदेला मला चुलीपाशी उभे केले. काचेच्या कौलातून कवडसा जमिनीवर पडतो, त्याच्याकडे बोट दाखवले. "घड्याळ बघा. दहा झाले की सांगा."

मी सांगितले. तिने हिरव्या काकणाचा एक तुकडा ओल्या जमिनीत दाबला.

असे दर प्रतिपदेला. मी घड्याळ धरायचे, तिने तुकडा दाबायचा. ऊन महिन्यागणिक सरकते, म्हणून महिन्याला एक. जत्रेतली काकणे होती, त्यातले एक हातातच वाढले होते, त्याचे बारा तुकडे निवडून तिने डबीत ठेवले होते. आषाढ-श्रावणात ढग, तिथे जागा रिकामी. पौषापर्यंत आठ झाले. पौष वद्यात ती गेली. तापाचे नऊ दिवस.

डबीत चार तुकडे आहेत. आषाढ, श्रावण, माघ, फाल्गुन.

त्या चार जागा भरायच्या आहेत. बाकी घरात मला काही नको आहे.

भाद्रपद शु. १
ढग. दहाला उभा होतो.

भाद्रपद व. ७
शं. येऊन गेला. कं.चे स्मरणपत्र आले आहे. पाऊस सरत आला, आता तरी सही. मी म्हणालो, घटस्थापनेला दहा वाजता बघतो आणि लगेच करतो.

"काय बघता?"

सांगितले. त्याला तुकडे माहीत होते, पण ते कशाचे हे माहीत नव्हते. बहिणीने त्याला सांगितले होते म्हणे, दाजींना नजर लागू नये म्हणून लावलेत. हसला. मग चुलीकडे पाठ करून बराच वेळ उभा.

आश्विन शु. १
लोकांकडे घट बसले. आपल्याकडे यंदा नाही, तिचे वर्ष सरलेले नाही.

सकाळपासून निरभ्र. पावणेदहाला भात धुऊन ठेवला. घड्याळ कालच स्टेशनच्या घड्याळाशी लावले होते. दहाला कवडसा आश्विनाच्या तुकड्यावर नाही. भिंतीकडे सरकलेला, वीत आणि वर चार बोटे. पुन्हा मोजले. तेवढेच.

म्हणजे काचेचे कौल जागेवर नाही. बाहेर जाऊन एका कौलाची लांबी पाहिली. जवळजवळ तितकीच भरते. एक ओळ सोडून बसवले आहे.

भात करपला. तसाच गेलो.

आश्विन शु. ३
शं. आला. त्याला दाखवले. तो म्हणाला, यादीत 'काचेचे कौल, नग एक' एवढेच आहे. नग एक बसवला. कुठल्या ओळीत हे यादीत नाही.

मी म्हणालो, कागदावर पूर्ववत लिहिले आहे.

"दाजी, वीतभर उजेड इकडचा तिकडं झाला तर घर पडणार हाय का?"

बोलून गेला आणि खाली बघत राहिला. तसाच सायकल घेऊन गेला. रात्री कं.ला पत्र लिहिले. "माझे कुटुंबाने जमिनीत केलेल्या खुणांवरून सिद्ध होते की कौल स्वस्थानी नाही." दोनदा फाडले, तिसऱ्यांदा टाकले.

आश्विन शु. ५
मिस्त्री आले. शं. सोबत. शिडी न लावताच म्हणाले, "आढ्यापासनं सातवी वळ. जळकी पट्टी काढायच्या आदी मी मोजलीय. सातवी हुती, सातवीच हाय."

मी म्हणालो, जमीन वेगळे सांगते.

"जमीन काय सांगती ते मला न्हाय कळत. वळ मला कळती. खुदाची शपथ."

तेव्हा मी म्हणालो ते इथे लिहिणे भाग आहे. म्हणालो, कोपऱ्याचा चुनाही खाल्लात, आता कौलही चुकवलेत, आणि वर शपथा घेता.

मिस्त्रींनी टोपी नीट केली आणि निघाले. दारात चप्पल घालताना वाकायला त्यांना वेळ लागला. शं. त्यांच्यामागे गेला, मग परत येऊन उंबऱ्याबाहेरूनच बोलला. "चुन्याचं त्यांनी स्वतः कबूल केलं होतं. तेच त्यांच्या तोंडावर मारलं व्हय तुम्ही? कं. त्यांचं नाव यादीतून काढंल आता. आक्का असती तर बोलली असती तुम्हाला."

असती तर हे झालेच नसते. तो गेल्यावर सुचले.

आश्विन शु. ८
पुण्याहून कं.चे इन्स्पेक्टर आले. टापटीप माणूस, वागायला चांगले. वाकून तुकडे पाहिले. म्हणाले, "कारागीर आपले आहेत, चूक असेल तर त्यांना सोडणार नाही. पण काकणाचे तुकडे हे माप म्हणून मुंबईला कसे कळवू? गेल्या साली ही खूण कोणत्या दिवशी केलीत?"

आश्विन शुद्ध प्रतिपदा.

"तारीख?"

म्हणालो, घरचे सगळे आम्ही तिथीने करतो. तारीख स्टेशनात.

"मुंबईला तिथी चालत नाही. तारीख आणि वेळ लिहून द्या, मी पुढे पाठवतो. या महिन्याअखेर." मग जमिनीकडे पाहत म्हणाले, वाद मिटवायचा तर कं. एक करू शकेल. या खोलीला शहाबादी फरशी घालून देऊ, कं.च्या खर्चाने. सारवण्याचा त्रास कायमचा जाईल. एकटे आहात.

शं. म्हणाला, "दाजी, हे चांगलं हाय." त्याला खरेच चांगले वाटत होते. घरी जाऊन आईला सांगेल, दाजींना फरशी करून दिली.

मी नाही म्हणालो. इन्स्पेक्टरांना वाटले, मी अजून काही मागतो आहे.

आश्विन शु. १०
दसरा. महाराजांची स्वारी निघाली, सगळा गाव चौकात. मला सुट्टी नाही, पण सायंकाळी लवकर सुटलो. दरसाल शं. सोने घेऊन पहिल्यांदा आमच्याकडे येतो. वाट पाहिली. आला नाही.

दिवेलागणीला दाराशी खोकला. दस्तगीर मिस्त्री. हातात आपट्याची पाने.

"सोनं घ्या, तारबाबू. सणाला राग धरत न्हाईत."

पाने घेतली. आत बोलावले. चहा मी केला, साखर जास्त पडली, तरी प्याले. मग म्हणाले, त्या खुणा तेवढ्या नीट बघू द्या, त्या दिवशी रागात बघितल्या न्हाईत. कंदील घेऊन बसले. एकेक तुकड्यावर बोट ठेवून विचारत गेले, ही कवाची, ही कवाची. मी सांगत गेलो.

"म्हंजे सगळ्या चांदावर हाईत."

हो, म्हटले. दर महिन्याच्या शुद्ध प्रतिपदेला.

"मग कसं जुळंल? आमचा रमजान बगा की. यंदा पावसात आला. मी ल्हान हुतो तवा एकदा कडक उन्हाळ्यात आलता, तोंडाला पाणी न्हाय अन् बा संगं विटा उचलायला. दर साली मागं मागं सरकतो. चांद सुर्याचं ऐकत न्हाय."

मी म्हणालो, तुमचे तसे, आमचे तसे नसते. आम्ही तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा...

एवढे बोललो आणि थांबलो.

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. त्यांना कळले नाही मी का थांबलो. मला कळले होते. धोंड्याचा महिना यंदाच होता. तेहतीस अनारसे मोजून घेतले, आणि महिना मोजायचा राहिला.

त्यांना समजावून सांगितले. ऐकून घेतले. हसले नाहीत. "असं हाय व्हय," एवढेच. मी माफी मागितली. म्हणाले, "कंपनीला कळवा तेवढं. मला काय न्हाय, पोरांचं काम तुटंल."

ता. २१ आक्टोबर
तिथी लिहीत नाही. तारीख लिहिणार आहे काही दिवस.

आफिसात गेल्या सालचे हजेरी रजिस्टर काढले. प्रतिपदेला मला हटकून उशीर व्हायचा. तुकडा दाबून झाला तरी ती उठू द्यायची नाही, बघा, आता असा सरकतो, बघा. स्टेशनमास्तर दर वेळी लाल शाईने लिहीत. आज त्यांचे उपकार वाटले. तारखा ओळीने सापडल्या.

२३ सप्टेंबर, ११-२० ला हजर. तो आश्विन.
२३ आक्टोबर, ११-१५. कार्तिक.
२१ नोव्हेंबर, ११-२५.
२१ डिसेंबर, ११-३०. पौष. त्या दिवशी शेरा आहे: 'ताकीद दिली.'

यंदा आश्विन प्रतिपदा ११ आक्टोबरला आली. अठरा दिवस पुढे. अठरा दिवसांत ऊन वीतभर सरकणारच. कौल कुठेही गेलेले नाही. मी दहा दिवस एका म्हाताऱ्याला खोटे ठरवत होतो.

तिच्या वर्षात अधिक महिना नव्हता. ती असती तर यंदा काय केले असते? डबीत तेरावा तुकडा नाही.

हेही लक्षात आले की तिचे वर्ष यंदा तेरा महिन्यांचे आहे.

परवा २३ तारीख. कार्तिकाच्या तुकड्याची.

ता. २२ आक्टोबर
सकाळी शं.च्या खोलीवर गेलो. सायकलचे चाक उलटे करून बसला होता. सोने दिले, दोन दिवस उशिरा. पाने सुकलेली.

सगळे सांगितले. चाक फिरवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आईला सांगू नका. म्हणेल, अनारसे खाऊन अधिक विसरला, असा जावई."

मग दोघेही हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा, त्याच्यासमोर तरी.

तो म्हणाला, "मी त्या दिवशी बोललो ते..." मी म्हणालो, असू दे. तो म्हणाला, न्हाय, आक्का बोललीच असती तुम्हाला, ते खरंच हाय. पण वीतभर उजेडाचं मी बोलायला नको होतं.

कं.ला पत्र त्याच्याच टेबलावर लिहिले. कौल चुकीच्या ओळीत असल्याची तक्रार मागे घेतो, चूक माझी, मिस्त्रींची नाही. त्याने वाचले आणि 'मिस्त्रींची नाही' याखाली रेघ मारली.

ता. २३ आक्टोबर
शं. आणि मिस्त्री दोघे साडेनऊला हजर. मिस्त्री नवी टोपी घालून. भात धुऊन ठेवला होता, तिघांचा. पाट मांडले, पण कोणी बसले नाही.

घड्याळ शं.च्या हातात दिले.

कवडसा हळूहळू येत होता. मिस्त्री भिंतीला टेकून, ओठ हलत होते. शं. म्हणाला, "एक मिनिट." मग, "दहा."

तुकड्यावर नाही. तुकड्याच्या शेजारी. दोन बोटे.

कवडसा सरकायला लागला. मी दोन बोटांची जागा खडूने आखली.

मिस्त्री खाली बसले, तुकड्याला हात लावला, वर कौलाकडे पाहिले. "दोन बोटं माझी हाईत, तारबाबू. वळ सातवीच हाय. पन पट्टी नवी, जुन्यापरीस जाड. कौल वर उचललं गेलं, अन् बसवताना जरा सरकलंबी असंल. जुनं कौल हाताला वळखीचं हुतं."

शं. लगेच म्हणाला, घड्याळ पुढेमागे असेल, गेल्या सालचं तरी कुठं अगदी बरोबर दहाला दाबलं असेल. आक्का बोलत बोलत दाबत असणार.

हेही खरे. ती बोलतच होती.

मिस्त्री म्हणाले, सांगा, आत्ता चढतो. पट्टी तासून कौल दोन बोटं खाली घेतो. मी म्हणालो, आज नको. जेवा.

भात वेळेवर झाला. तिघे जेवलो. मिस्त्री म्हणाले, भात मोकळा झालाय. शं. म्हणाला, मीठ न्हाय.

ता. २८ आक्टोबर
मिस्त्रींनी शिडी आणून आमच्या परड्यात ठेवली आहे. म्हणतात, तुम्ही सांगाल तवा.

मला ठरवता येत नाही. कौल हलवले आणि दोन बोटे तिच्या बोलण्यात गेलेली असली, तर बरोबर असलेले मीच बिघडवीन. नाही हलवले, आणि दोन बोटे पट्टीची असली, तर माघ-फाल्गुनाचे तुकडे तिच्या ओळीत पडणार नाहीत. २१ नोव्हेंबरला पुन्हा पाहायचे. तेव्हाही दोनच बोटे भरली तर कौल म्हणायचे. कमीजास्त भरली तर ती.

ता. ५ नोव्हेंबर
कं.चे उत्तर. शं.ने वाचून दाखवले. तक्रार मागे घेतल्याची नोंद झाली. मिस्त्रींचे नाव यादीत कायम. मात्र एजंटच्या अहवालात 'दोन बोटे' असा उल्लेख आहे, तरी सदर दोन बोटे ही तक्रार समजावी किंवा कसे, हे विमेदाराने लेखी कळवावे. सोबत कागद पुन्हा जोडला आहे.

मी विचारले, तू अहवालात हे लिहिलेस कशाला?

"खरं हाय म्हणून. तुम्हीच म्हणता की सगळं लेखी पायजे." मग हळूच, "आणि सही झाली की माझं इथलं काम संपतं, दाजी. दर पंधरा दिवसांनी मी कशाच्या नावाखाली येऊ?"

मी म्हणालो, भात खायला ये. म्हणाला, मीठ घालणार असाल तर.

ता. ११ नोव्हेंबर
भाऊबीज. शं. सकाळीच आला, अंघोळ करून, धुतलेला सदरा. दरसाल यायचा त्याच वेळी. ओवाळायला कोणी नाही. चहा घेतला. खिशातून कागदाची पुडी काढून पाटावर ठेवली. काकणे होती, हिरवी. म्हणाला, दुकानासमोर सवयीने थांबलो, मग घेतलीच.

दहाला दोघे स्वयंपाकघरात. कवडसा कार्तिकाचा तुकडा ओलांडून मार्गशीर्षाकडे निघालेला, मधल्या मोकळ्या जमिनीवर. तिथे खूण नाही. शं.ने हात पुढे केला. उजेड त्याच्या मनगटावर पडला. त्याने हात मागे घेतला नाही. कवडसा पुढे गेला तेव्हाच उठलो.

मग डबी मागितली. चार तुकडे तळहातावर घेऊन बसला.

"माघाचा कुठं लावणार? जिथं पडंल तिथं, का दोन बोटं अलीकडं, आक्काच्या वळीत?"

मिस्त्रींना विचारले होते. ते म्हणाले, जिथं पडंल तिथं, ऊन खोटं बोलत न्हाय. शं. म्हणाला, तिच्या वळीतच पायजे. मग म्हणाला, पण तिला दोन बोटांचं काय पडलं नसतं. आणि पुन्हा, न्हाय, पडलं असतं.

कं.ला अजून उत्तर दिलेले नाही. कागद डबीखाली आहे. शिडी परड्यात.

जाताना शं.ने काकणांची पुडी डबीशेजारी ठेवली. दारातून म्हणाला, एखादं वाढलं तर तेराव्याला होईल.

आफिसात जाऊन पंचांग आणि रजिस्टर जुळवले. गेल्या साली माघ शु. १ ला २० जानेवारी. त्या तारखेला माझी वेळ अकरा आहे. शेरा नाही.

येत्या २० जानेवारीला अर्धा तास उशिरा येण्याची परवानगी आजच मागितली. स्टेशनमास्तरांनी विचारले, इतक्या आधी? अर्जात कारण लिहावे लागते. लिहिले: घराचे काम चालू आहे.